बातमीत पाऊस येतो, नियम येत नाही



आजची नोंद पिकाची नाही, बातमीची आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास जागतिक हवामान परिषद भरते आणि आठ-पंधरा दिवस टीव्हीवर, मोबाईलवर हवामान बदलाच्या बातम्या सुरू असतात. त्याच दिवसांत आपल्याकडे सोयाबीन बाजारात असतं, तूर फुलोऱ्यात असते, हरभऱ्याची पेरणी चाललेली असते. वर्षभराच्या हवामानाचा हिशेब शेतात लागतो तो नेमका याच वेळी. पण त्या बातम्यांत आपलं रान कुठं दिसत नाही. शेतकरी दिसलाच तर तीन वेशांत दिसतो. कधी बिचारा, कधी गुन्हेगार, कधी चमत्कार करून दाखवणारा.

हे नुसतं आपल्याकडंच नाही. भारत, बांगलादेश, आफ्रिकेतले देश, जिथं जिथं गरीब शेतकरी जास्त तिथं तिथं हीच तऱ्हा. माझं म्हणणं एवढंच आहे की या तिन्ही वेशांत एक गोष्ट गायब असते, आणि आपलं नफा-नुकसान नेमकं त्याच गोष्टीवर ठरतं. ती गोष्ट म्हणजे नियम. किती मिलिमीटरला अतिवृष्टी म्हणायचं, किती टक्के ओलावा चालेल, विमा कशावर मिळेल, झाड कोणाच्या मालकीचं. पाऊस वरून पडतो, पण त्याचं नुकसान कोणाच्या खात्यावर टाकायचं हे कागदावर ठरतं. तो कागद बातमीत येत नाही.

पहिला वेश: बिचारा

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर भागात जो पूर आला तो आपण सगळ्यांनी पाहिला, भोगला. आमच्या शिवारातही पाणी ओसरल्यावर एक पत्रकार आले होते. माणूस चांगला, चिखलातून चालत आला. फोटो काढताना म्हणाले, "काका, जरा खाली बसा. हातात सोयाबीन घ्या. कॅमेऱ्याकडं नका बघू, खाली बघा." मी बसलो. मग मी त्यांना सांगायला लागलो की नदीकाठच्या रानात पाणी पिकावरून गेलं, तिथं सगळं गेलं. पण माळाच्या रानात बीबीएफने पेरलं होतं, तिथं सरीनं पाणी काढून दिलं, ते पीक बरंचसं वाचलंय, त्याचाही फोटो घ्या. ते म्हणाले, "ते नंतर बघू." दुसऱ्या दिवशी बातमीत माझा खाली बघतानाचा फोटो आणि वर तोच ठरलेला मथळा, बळीराजा हवालदिल.

नुकसान खोटं नव्हतं. फोटोही खोटा नव्हता. पण त्या एकाच शेतकऱ्याच्या दोन रानांत काय फरक पडला आणि का पडला, ही खरी हवामानाची बातमी होती. कृषी विद्यापीठं इतकी वर्षं रुंद सरी वरंबा सांगतायत. त्याचा उपयोग कुठं होतो आणि कुठं होत नाही, हे दाखवणारा इतका स्पष्ट पुरावा पुन्हा कधी मिळायचा? नदीचं पाणी चढलं तर बेड काही करू शकत नाही. वरून पडलेलं पाणी साचत असेल तर बेड पीक वाचवतो. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. पुढच्या जूनमध्ये हजार जणांच्या कामाला आलं असतं.

बांगलादेशाचंही असंच झालंय. जगाच्या बातम्यांत बांगलादेश म्हणजे कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर गाठोडं घेऊन चाललेली बाई. आता हे आकडे बघा. १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथं किमान ३ लाख माणसं गेली. २०२० मध्ये अम्फान आलं, तेही महाभयंकर वादळ, तेव्हा बांगलादेशातल्या मृतांचा आकडा दोन-तीन डझनांच्या आत राहिला. हे आपोआप झालं नाही. १९७२ पासून त्यांनी चक्रीवादळ पूर्वतयारीचा कार्यक्रम चालवला, गावोगावी हजारो स्वयंसेवक तयार केले, त्यांत बाया मोठ्या संख्येनं घेतल्या, निवारे बांधले, सायकलवर भोंगा घेऊन इशारा द्यायची पद्धत बसवली. गरीब देशानं पन्नास वर्षं चिकाटीनं केलेलं हे काम आहे. हवामान बदलाशी जुळवून घेणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पण वाचलेल्या माणसाचा फोटो निघत नाही, वाहून गेलेल्या घराचा निघतो.

बिचारा म्हणून दाखवल्यानं आपल्याला सहानुभूती मिळते, मदतही मिळते. ती नको असं कोण म्हणेल? पण बिचाऱ्याला कोणी विचारत नाही की तू काय केलंस आणि तुला पुढं काय लागतं. त्याच्यासाठी पंचनामा असतो.

दुसरा वेश: गुन्हेगार

२०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोला परिषद झाली. शेवटच्या घटकेला मसुद्यातला कोळसा 'बंद करणे' हा शब्द बदलून 'कमी करत नेणे' असा झाला. हा बदल भारतानं मांडला, चीनचाही त्याला जोर होता. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांना व्यासपीठावर गहिवरून आलं. पाश्चात्त्य माध्यमांत बातमी काय आली, तर भारतानं करार पातळ केला. पण त्याच परिषदेत दोन-तीन दिवस आधी अमेरिका आणि चीन यांनी मिळून जे निवेदन काढलं होतं, त्यात चीनच्या कोळशाबद्दल हाच 'कमी करत नेणे' शब्द होता. तेव्हा कोणाला गहिवरून आलं नाही. आणि नुसत्या कोळशाबद्दलच का बोलायचं, तेल आणि गॅसही कमी करा, असं भारताचं म्हणणं होतं, ते मथळ्यात आलंच नाही. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला २ टनांच्या आसपास, अमेरिकेत १४ टनांच्या आसपास. हा आकडा त्या बातम्यांत शोधावा लागत होता.

आता आपल्याकडची माध्यमं. त्यांनी हीच बातमी उलटी करून दिली, भारताचा विजय म्हणून. एक म्हणतो आरोपी, दुसरा म्हणतो विजयी वीर. देश म्हणून आपलं एकूण उत्सर्जन जगात तिसऱ्या नंबरला आहे, ही गोष्टही खरी आहे आणि ती विजयाच्या बातमीत नव्हती. दोन्ही बातम्यांत कोळशाच्या विजेवर रात्री दोन वाजता पाणी द्यायला जाणारा माणूस कुठंच नव्हता. त्याला दिवसा वीज पाहिजे. सौर पंपाचा किंवा सौर फीडरचा त्याच्यासाठी पहिला अर्थ साप-विंचवाची भीती कमी होणं हा आहे. कार्बन नंतर. सौर ऊर्जेची बातमी मेगावॅटमध्ये येते, म्हणून हा अर्थ कधी छापून येत नाही. मग अडीच एकरापर्यंतच्या रानाला ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्याच्या वर साडेसात, हा नियम ज्याचं पाणी दोनशे फुटांखाली आहे त्याला पुरतो का, हा प्रश्नही बातमीत येत नाही.

दुसरं उदाहरण २०२२ च्या गव्हाचं. त्या वर्षीचा मार्च भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात उष्ण मार्च ठरला. पंजाब, हरियाणात गहू दाणे भरायच्या वेळी उन्हात सापडला, दाणा चिमटला. सरकारी खरेदी आदल्या वर्षी ४३३ लाख टन होती, ती १८८ लाख टनांवर आली. १३ मे रोजी केंद्रानं निर्यात बंद केली. लगेच जी-सात देशांच्या कृषिमंत्र्यांनी टीका केली, जगभर बातमी गेली की भारतानं धान्य अडवलं. आता यात शेतकऱ्याची बाजू कोणती? उन्हानं उतारा घटला, त्या वर्षी व्यापारी २,०१५ रुपयांच्या हमीभावापेक्षा जास्त देत होते म्हणून तो घाटा थोडा भरून निघत होता, आणि निर्यातबंदीनं नेमका तोच वाढीव भाव तुटला. म्हणजे हवामानाचा फटका एकदा रानात आणि एकदा बाजारात. परदेशी बातमीनं देशाला आरोपी केलं, देशी बातमीनं देशाचा बचाव केला, आणि गहू पिकवणाऱ्याचं दुहेरी नुकसान दोघांनीही सोडून दिलं.

त्याच वर्षी एक चांगली गोष्टही झाली. केंद्रानं पंजाब-हरियाणात चिमटलेल्या दाण्याची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत सैल केली, भावात कपात न करता. मला विचाराल तर त्या वर्षी देशात हवामान बदलावर झालेली सगळ्यात कामाची कृती ही होती. किती जणांनी वाचली?

पंजाबातल्या धानाच्या काडाचंही तेच. दिल्लीत धूर झाला की टीव्हीवर पेटलेलं शेत. पण २००९ चा पंजाबचा भूजल वाचवायचा कायदा कोणी दाखवत नाही. त्यानं धानाची लावण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापुढं ढकलली. हेतू चांगला होता, पाणी वाचवायचं होतं. पण त्यानं काढणीही पुढं सरकली आणि गव्हाच्या पेरणीआधी रान मोकळं करायला दोन-तीन आठवडेच उरले. एका नियमानं पाणी वाचवलं, धुराची अडचण वाढवली. काड जाळणं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. उसाचं पाचट जाळू नका म्हणून आपणच एकमेकांना सांगतो. पण काडी कोण ओढतो एवढंच दाखवून प्रश्न सुटत नसतो.

तिसरा वेश: चमत्कार करणारा

हा वेश आपल्याला आवडतो, म्हणून यात फसायला जास्त होतं. यशोगाथा. माळरानावर फुलवली बाग, एकट्यानं थोपवला दुष्काळ.

बुर्किना फासो देशात याकुबा सावादोगो नावाचा शेतकरी होता. २०२३ च्या डिसेंबरात वारला. दुष्काळात गाव सोडून लोक चालले होते तेव्हा यानं जुनी 'झाई' पद्धत सुधारून वापरली. उन्हाळ्यातच कडक जमिनीत खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत टाकायचं, वाळवी येऊन जमीन भुसभुशीत करते, पहिला पाऊस खड्ड्यात मुरतो, मग त्यात ज्वारी-बाजरी. त्याच खड्ड्यांतून झाडंही उगवली आणि हळूहळू जंगल झालं. त्याच्यावर माहितीपट निघाला, २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. वाळवंट थोपवणारा माणूस म्हणून जगभर नाव झालं. आणि इकडं शेजारच्या शहराची हद्द वाढत आली, प्लॉट पाडायला लागले, आणि त्याच्या त्या जंगलाचा काही भाग घरांखाली गेला. जमिनीच्या नियमानं त्याचा पुरस्कार विचारला नाही.

शेजारच्या नायजर देशाची गोष्ट याच्या उलट आहे. तिथं जुन्या कायद्यानं शेतातलं झाड सरकारचं होतं. तोडलं तर दंड. म्हणून शेतकरी रोपटं उगवताच उपटून टाकायचे. १९८० च्या दशकात टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञानं लोकांना दाखवलं की नवीन झाडं लावायची गरजच नाही, जुन्या खुंटांना फुटवे येतायत, त्यांतले दोन-चार राखा, बाकी छाटा. पुढं त्या कायद्याचा काच सैल होत गेला, राखलेलं झाड आपलं आहे असं शेतकऱ्याला वाटायला लागलं, आणि झाडं वाढली. गाओ नावाचं एक झाड तिथं पावसाळ्यात पानं गाळतं, त्यामुळं पिकावर सावली पडत नाही आणि पाचोळा रानातच राहतो. संशोधकांनी २००० नंतर उपग्रहाची चित्रं तपासली तेव्हा सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आलेली दिसली. इतकी वर्षं लाखो शेतकरी ते करत होते आणि त्याची बातमी नव्हती. बातमी झाली ती २००७ च्या महाहरितभिंतीची, आठ हजार किलोमीटर लांबीची झाडांची भिंत म्हणून, कारण त्यात नकाशा होता, नेते होते, उद्घाटन होतं.

आपल्या यशोगाथेतही बघा. शेततळं, शेडनेट, उत्पन्न लाखांत. त्या शेतकऱ्याच्या घामाबद्दल शंका नाही. पण अनुदान किती महिन्यांनी आलं, तोवर पैसा कोणाकडून काढला, व्याज किती गेलं, शेजारच्या दहा जणांना तेच का जमलं नाही, हे चार आकडे नसतात. ते नसले की वाचणाऱ्याला वाटतं, याला जमलं, बाकीचे आळशी. मोठ्या प्रश्नाचं ओझं एकेका माणसाच्या हिमतीवर टाकून सगळे मोकळे होतात.

मग बातमीत यायला पाहिजे ते काय?

आपल्या रोजच्या चार नियमांवर नजर टाका.

एक, ६५ मिलिमीटर. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मंडळात गावं किती आणि मोजणारं केंद्र किती, हे तुम्हाला माहीत आहे. शिवाय काळ्या रानात एका तासात पडलेला ५० मिमी दिवसभर रिपरिप पडलेल्या ७० मिमीपेक्षा जास्त माती नेतो. पाऊस पडायची रीत बदलली, पण तासाचा हिशेब नियमात नाही. २०२३ मध्ये राज्यानं 'सततचा पाऊस' हीही आपत्ती मानली. म्हणजे नियम बदलता येतो. ती बातमी आली 'शेतकऱ्यांना दिलासा' म्हणून, हवामान बदलाची बातमी म्हणून नाही.

दोन, विमा. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला. बातम्या कशाच्या झाल्या? बोगस अर्जांच्या, घोटाळ्याच्या. घोटाळा झाला असेल तर पकडाच. पण त्याच निर्णयात स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान, पेरणीच न होणं, हे भरपाईचे आधार गेले आणि फक्त पीक कापणी प्रयोगाचा उतारा राहिला. आधी तुमच्या एकट्याच्या रानात पाणी साचलं तरी ७२ तासांत कळवून दावा करता येत होता. आता मंडळाची सरासरी खाली आली तरच. ढग एका शिवारावर फुटायला लागले, आणि नेमका तेव्हाच विमा एका शिवाराचं बघायचा बंद झाला. त्यानंतर चारच महिन्यांत सप्टेंबरचा पूर आला. पूर पहिल्या पानावर होता, हा बदल आतल्या पानावर दोन ओळींत.

तीन, ओलावा. हमीभावाच्या खरेदीला सोयाबीनमध्ये १२ टक्के ओलावा चालतो. काढणीच्या वेळी पाऊस लांबायला लागला तर १२ टक्के कुठून आणायचा? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं त्या हंगामापुरता १५ टक्क्यांपर्यंत चालेल असं केलं. चांगलं केलं. पण त्या हंगामापुरतंच का? परतीचा पाऊस काही एका हंगामापुरता लांबलेला नाही.

चार, मदतीचा दर. आपत्ती निधीच्या निकषानं कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी ३,४००, तेही ३३ टक्क्यांवर नुकसान असलं तर. बियाण्याची एक पिशवी घेतली की त्यात फार काही उरत नाही. मोठं पॅकेज जाहीर झालं की मथळ्यात हजारो कोटींचा आकडा येतो. तो एकरावर आणून भागाकार करून दाखवणारी बातमी क्वचित दिसते.

आणि याच्या वर पैशाचा मोठा हिशेब. २००९ मध्ये श्रीमंत देशांनी शब्द दिला होता की २०२० पर्यंत गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. तो आकडा त्यांच्याच हिशेबानं २०२२ मध्ये गाठला, आणि त्यात कर्जाचा वाटा मोठा. २०२४ मध्ये बाकूला ठरलं की २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. विकसनशील देश १,३०० अब्ज मागत होते. भारताच्या प्रतिनिधीनं तिथंच सभागृहात आक्षेप घेतला. बातमी ३०० वर थांबली. आपल्याकडं पोकराचं काम २०१८ पासून मराठवाडा, विदर्भातल्या सुमारे पाच हजार गावांत चाललं. ते जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर उभं राहिलं. योजना चांगली का वाईट हा वेगळा विषय, मी तिचे फायदे आमच्या भागात पाहिलेत. पण धूर ज्यांनी आधी आणि जास्त केला त्यांच्याकडून भरपाई यायला पाहिजे होती, आणि आपण शेततळी आणि ठिबक कर्जातून करतोय. हे वाक्य योजनेच्या बातमीत मी कधी वाचलं नाही.

पत्रकारांची बाजू

तालुक्याच्या बातमीदाराला मी दोष देत नाही. त्याला बातमीवर तुटपुंजे पैसे मिळतात, संध्याकाळी पाचपर्यंत फोटो पाठवायचा असतो, आणि वर बसलेल्या माणसाला रडणारा चेहरा पाहिजे असतो. मराठीत २००५ पासून ॲग्रोवनसारखं फक्त शेतीचं दैनिक निघतंय, ही लहान गोष्ट नाही. नियमाचे बारकावे तिथं वाचायला मिळतात. प्रश्न असा आहे की ते शेतीच्या पानावर राहतात आणि हवामान बदल परदेशाच्या पानावर राहतो. दोन्हीची गाठ पडत नाही.

काही जण म्हणतील, रडका फोटो छापला म्हणूनच मंत्री आले, पॅकेज आलं. खरं आहे. पण फोटोनं आलेली मदत एकदाच येते. नियम बदलला तर दर वर्षी कामाला येतो.

आपण काय करायचं

शेतकऱ्यांना विनंती, एक साधं पर्जन्यमापक घ्या, नसेल तर सरळ कडांचा डबा आणि पट्टी. वहीत तारीख, पाऊस आणि किती वेळात पडला ते लिहा. बातमीदार आला तर नुकसान दाखवाच, पण वाचलेलं रानही दाखवा आणि का वाचलं ते सांगा. वही समोर ठेवा. शेवटी एक वाक्य नियमाचं सांगा. उदाहरणार्थ, "आमच्याकडं तासात ५० मिमी पडला, पण दिवसाचा आकडा ६४ भरला म्हणून आम्ही यादीत नाही." एवढं वाक्य छापून आलं तरी पुष्कळ.

कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्रांतले, विद्यापीठांतले शास्त्रज्ञ हे पान वाचतात, त्यांनाही सांगणं आहे. पुरानंतर, खंडानंतर दोन-तीन दिवसांत तुमच्या तालुक्यातली बेडवरची आणि सपाट पेरणीची रानं शेजारी शेजारी बघून चार ओळींची नोंद काढा. कुठं फायदा झाला, कुठं नाही झाला, दोन्ही. शोधनिबंध दोन वर्षांनी येईल, बातमी दोन दिवसांत शिळी होते. तुमची नोंद त्या दोन दिवसांत पाहिजे.

आणि परिषदेची बातमी वाचताना तीनच प्रश्न विचारा. हा पैसा अनुदान आहे का कर्ज? यातला जुळवून घ्यायला किती? आणि यानं माझ्या मंडळातला कोणता नियम बदलणार आहे? तिसऱ्याचं उत्तर 'कोणताच नाही' आलं तर ती बातमी आपल्यासाठी अजून अर्धीच आहे.

तुमच्या मंडळातलं हवामान केंद्र कुठं बसवलंय, तुमच्या रानापासून किती किलोमीटर, आणि सप्टेंबरात तुमच्या डब्यातला पाऊस आणि त्याचा आकडा यात किती फरक पडला, हे खाली लिहा. तालुक्याचं नाव टाका. पुरेशा नोंदी जमल्या तर तालुक्यानुसार एक तक्ता करून इथंच टाकतो. तो घेऊन तहसीलला जायचं का कसं, ते मिळून ठरवू.